सपाटीचा घाट

साताऱ्यात पळायला शिकलेल्या माणसाला सपाट रस्ता म्हणजे बक्षीस वाटतं. मी एकोणपन्नासाव्या वर्षी पळायला लागले. सुरुवात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, मग यवतेश्वरचा घाट, मग कासच्या रस्त्यावर धापा टाकणं. आमच्याकडच्या हिल मॅरेथॉनचा हिशेब सोपा आहे : आधी जवळपास दहा किलोमीटर चढा, मग तेवढेच उतरा. त्यामुळे लेक दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला नोकरीला लागली आणि मी तीन महिन्यांच्या व्हिसावर तिच्याकडे गेले, तेव्हा बुटांचे दोन जोड आधी बॅगेत गेले आणि मेतकूट-भाजणी उरलेल्या जागेत. तिनं फोनवर सांगितलं होतं, "आई, घरापासून पाच मिनिटांवर कालवा आहे. काठाकाठानं पन्नास किलोमीटर रस्ता. गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत, चढ तर औषधालाही नाही."

पहिल्याच रविवारी आठव्या किलोमीटरला मी एका दगडावर बसले आणि उठेना.

घाटात चढ आला की चालायला लाज वाटत नाही. चढावर पोटऱ्या भरतात, उतारावर मांड्यांवर भार येतो. शरीरातली माणसं पाळीपाळीनं कामाला येतात. सपाटीवर सगळं काम एकाच पाळीवर. तेच पाऊल, तेवढंच, हजारो वेळा. थांबायला निमित्त नाही, पुढे वळणापलीकडे काय आहे ही उत्सुकताही नाही, कारण वळणापलीकडे पुन्हा तेच : डावीकडे हिरवट तपकिरी पाणी, उजवीकडे झाडांची रांग, मध्ये मी. लेकीला म्हटलं, "हा रस्ता फसवा आहे." ती म्हणाली, "रस्ता सरळ आहे आई, तुला बहाणा मिळत नाहीये एवढंच."

माझं माहेर फलटण तालुक्यातलं. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमचं घर चालायचं. कालवा म्हणजे पाळी, पाटकरी, रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेले वडील, आणि पाणी चोरलं म्हणून झालेली भांडणं. कालवा शेताला पाणी देण्यासाठी असतो हे मला पाढ्यांइतकं पक्कं माहीत होतं. इथला हा ‘कानाल दु मिदी’ होड्यांसाठी खणलेला. आता त्यातलं थोडं शेतीलाही देतात, पण मूळ हेतू माल वाहण्याचा : अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र जोडायचे, म्हणजे स्पेनला वळसा घालून जायला नको. तुलूझपासून समुद्रकाठच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. खणायला सुरुवात १६६६-६७ला, पाण्यानं भरून खुला झाला १६८१ला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका झाली, राज्याभिषेक झाला, महाराज गेले, आणि इथे तेवढ्या वर्षांत एक माणूस खणत होता.

पिएर-पॉल रिके हा सरकारी मिठाचा कर गोळा करणारा श्रीमंत मक्तेदार. इंजिनिअर नव्हे. पन्नाशी उलटल्यावर त्यानं हा घाट घातला. आधी स्वतःच्या बागेत छोटा कालवा खणून बघितला, मग राजा चौदाव्या लुईची परवानगी काढली, स्वतःचा पैसा ओतला. ऐन भरात बारा हजारांच्या आसपास माणसं कामावर होती, त्यांत बायकाही होत्या. आणि पावसाच्या दिवसाची, रविवारची, आजारपणाची मजुरी तो देत असे. सतराव्या शतकात! मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो परतफेडीचा. तो बरोबर होता. १६८०मध्ये, कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी, रिके वारला आणि मुलांना वारसाहक्कात कालव्याबरोबर कर्जाचा डोंगर मिळाला. ते फिटायला पुढची काही दशकं गेली.

हे सगळं पळता पळता कळत गेलं, एका रात्रीत नव्हे. रस्त्यानं मला जे शिकवलं ते एक्लूझपाशी. एक्लूझ म्हणजे कालव्याची पायरी : दोन दारांमधला हौद. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि होडी दोन-अडीच मीटर वर किंवा खाली. इथले हौद चौकोनी नाहीत, बदामासारखे पोट काढलेले आहेत. सुरुवातीला बांधलेल्या एका हौदाची सरळ भिंत मातीच्या रेट्यानं ढासळली, तेव्हापासून भिंती कमानीसारख्या बाकदार केल्या, असं सांगतात. प्रत्येक एक्लूझच्या राखणदाराचं टुमदार घर असतं आणि त्याच्या भिंतीवर एक पाटी : या एक्लूझचं नाव, आणि मागची, पुढची किती मीटरवर आहे ते. राखणदारासाठी लावलेल्या पाट्या असतील, पण पळणाऱ्या बाईला याहून चांगली सोय काय हवी? मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. ‘पुढच्या पाटीपर्यंत’ एवढंच.

आणि पाटीपाशीच मिळतो या रस्त्याचा एकुलता एक चढ. हौदाच्या कडेनं रस्ता दोन-तीन मीटर वर चढतो आणि पुन्हा सपाट. डोंगराळ देशातला सगळा चढ गोळा करून त्यांनी एकेका ठिकाणी बांधून ठेवलाय आणि मधली जमीन मोकळी केलीय. पुढे बेझिएर गावाच्या अलीकडे तर ५४ किलोमीटर सलग एकही एक्लूझ नाही. पाणी टेकड्यांच्या कुशीतून एकाच उंचीची रेघ धरून वळत वळत जातं. सपाट जागा होती म्हणून तिथून कालवा नेला असं नाही. कालवा न्यायचा होता म्हणून टेकड्यांमधून सपाटी शोधून काढली, आणि जिथे सापडली नाही तिथे केली. त्या दगडावर बसून मी जिला नावं ठेवत होते, ती सपाटी कुणाच्या तरी हातांनी झालेली होती.

सरळ कालव्यावर कंटाळा आला की मी लोरागेच्या टेकड्यांत शिरायचे. तुलूझच्या आग्नेयेला पसरलेला हा गहू आणि सूर्यफुलांचा टापू. मे महिन्यात गव्हात तांबड्या खसखशीच्या फुलांचे शिंतोडे, जुलैत सगळी सूर्यफुलं एका बाजूला तोंड करून उभी. टेकडीवर एखादी पंखे मोडलेली पवनचक्की, विटांचं चर्च. श्रीमंत दिसतो टापू, पण खरी श्रीमंती पंधराव्या-सोळाव्या शतकातली, आणि ती निळ्या रंगाची. इथे पास्तेल नावाच्या झुडपाची पानं दळून, त्यांचे गोळे वळून, वाळवून, कुजवून निळा रंग काढत. तुलूझमधले विटांचे वाडे त्या पैशातून उभे राहिले. मग फ्रान्समध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धं पेटली, आणि पोर्तुगीज जहाजांतून हिंदुस्थानची नीळ येऊ लागली. थोड्या नीळेत जास्त कापड रंगायचं. पास्तेलचा धंदा बसला. हे मला लेकीच्या ऑफिसातल्या एका बाईनं सांगितलं. सांगताना माझ्याकडे अशी बघत होती की मला उगीचच ‘सॉरी’ म्हणावंसं वाटलं.

ही बाई स्वतः पळणारी. तिनंच मला फ्रान्सच्या पायवाटांची खूण शिकवली. झाडावर, खांबावर, दगडावर पांढरा पट्टा आणि खाली लाल पट्टा दिसला की ती लांब पल्ल्याची वाट, महिनोन्‌महिने चालता येईल अशी. फुली दिसली की इकडे नाही. लहानमोठ्या सगळ्या खुणांच्या वाटा देशभरात मिळून १,८०,००० किलोमीटरच्या आसपास आहेत आणि त्या रंगवण्याचं काम बहुतेक हौशी स्वयंसेवक करतात. एवढं शिकून मी एका सकाळी निघाले. गावच्या चर्चपासून पिवळे पट्टे दिसायला लागले, म्हटलं उन्हानं लाल उडून पिवळा झाला असेल. पिवळ्याच्या मागे मी शेतं ओलांडली, एक ओढा ओलांडला, एका कुत्र्याशी बोलणी केली. नऊ किलोमीटरनंतर समोर एक चर्च दिसलं. छान वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, निघाले होते तेच. पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतीचा फेरा. संध्याकाळी लेक म्हणाली, "म्हणजे प्रदक्षिणा झाली की." वर म्हणाली, "उलटी नव्हती ना?"

दुसरी शिकवण पाण्याची. खेड्यांत दुकान सापडणं कठीण, सापडलं तर दुपारचं बंद. गावातल्या कारंज्यावर बहुधा ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी. मग पळणारे पाणी कुठे भरतात? स्मशानात. प्रत्येक गावाच्या दफनभूमीच्या दाराशी फुलांसाठी नळ असतो आणि बहुतेक ठिकाणी तो गावच्याच नळयोजनेवर असतो. पहिल्यांदा मी दारातून परत फिरले. आमच्याकडे तिथून आलं की अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत, आणि इथे मी तिथलं पाणी पिणार? दुसऱ्या वेळी तहान मोठी होती. आत गेले. एक म्हातारी कबरीवरची जिरेनियमं शिंपत होती. तिनं झारी बाजूला केली, नळ सोडून दिला, माझी बाटली भरेपर्यंत हात लावून उभी राहिली. मला ‘मेर्सी’ एवढंच येत होतं. तिनं माझ्या बुटांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "कुराज!" म्हणजे हिंमत धर. हा शब्द इथे पळणाऱ्याला सगळे देतात. आपल्याकडे रस्त्यात भेटलेला माणूस विचारतो, "काकू, कुठं निघालाय एवढ्या घाईनं?" दोन्हींचा अर्थ तोच असावा.

वाऱ्याबद्दल मात्र कुणी सावध केलं नव्हतं. समुद्राकडून, आग्नेयेकडून येणारा ‘ओतां’ या लोरागेच्या खिंडीत कोंडला जातो आणि कोरडा, तापट, सुटेल तर सुटेल असा वाहतो. तीन, सहा नाहीतर नऊ दिवस वाहतो म्हणतात, आणि माणसाला वेड लावतो असंही. तुलूझहून बाहेर पळायचं म्हणजे याच्या तोंडावर पळायचं. एका दिवशी अकरा किलोमीटर मी त्याला ढकलत गेले. परतताना तोच वारा पाठीशी येईल हा हिशेब होता. परत फिरले आणि वारा पडला. चढ नाही म्हणाली होती लेक!

फ्रान्समध्ये पळायला आणखी काय काय आहे, याची यादी त्या सहकारी बाईनं मोठ्या प्रेमानं करून दिली होती. बोर्दोजवळच्या मेदोकची मॅरेथॉन, १९८५पासून चाललेली, द्राक्षमळ्यांतून, चित्रविचित्र वेष करून. पाण्याच्या टेबलांवर वाइनचे पेले आणि शेवटाकडे खायला कालवं (ऑयस्टर). ती सप्टेंबरात, माझा व्हिसा जुलैत संपणार, आणि खरं सांगायचं तर वाइन पिऊन बेचाळीस किलोमीटर हे मला पटतही नव्हतं. बूर्गोन्यमध्ये जिवरी ते क्लूनी अशी जुन्या रेल्वेमार्गावरची ४४ किलोमीटरची वाट आहे, १९९७मध्ये खुली झालेली, देशातली अशी पहिली. तिथे मी दोन दिवस जाऊन आले. सुंदर आहे. रेल्वेलाही चढ सोसत नाही, म्हणून तीही बेतानं चढते-उतरते. पण तिथे मला पाण्याची सोबत नव्हती, आणि एव्हाना मला कालव्याची सवय लागली होती.

कालव्याचा फोटो म्हणजे झाडांचा फोटो. दोन्ही काठांवर प्लातानची झाडं, मधोमध त्यांच्या फांद्यांची कमान. काश्मीरच्या चिनाराचं हे निम्मं रक्त; चिनार आणि त्याचा अमेरिकी भाऊबंद यांच्या संकरातून झालेलं. खोडाची साल पोपड्यांनी सुटते आणि खाली पायात कुरकुरते. रिकेच्या वेळी ही झाडं नव्हती, बहुतेक एकोणिसाव्या शतकातली लावलेली. एकूण ४२,००० होती.

होती. जूनअखेर लेकीनं गाडीनं कार्कासोनला नेलं. कालव्याचं बंदर रेल्वे स्टेशनच्या अगदी समोर. तिथून त्रेबपर्यंत तेरा किलोमीटर मी पळणार, ती पुढे जाऊन थांबणार. सुरुवातीचे काही किलोमीटर सावली. मग झाडं विरळ झाली, मग संपली. काठावर कापलेल्या बुंध्यांच्या जागा आणि कांडीएवढी नवी रोपं, प्रत्येकाला काठीचा आधार. उजाड कालवा कसा दिसतो ते मला ठाऊक होतं. नीरेचा उन्हाळ्यात तसाच दिसतो. तरी मी थांबले.

त्रेबजवळच २००६मध्ये या झाडांना पहिल्यांदा रोग सापडला. एक बुरशी, मूळची अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्य दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, त्यांच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती आली असं मानतात. झाडात शिरली की पाण्याच्या वाटाच बंद करते, झाड काही वर्षांत उभ्या उभ्या वाळतं. मुळं एकमेकांत गुंतलेली, म्हणून शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. कालव्याच्या पाण्यातून, करवतीच्या पात्यावरून, मुळांना घासणाऱ्या होड्यांवरूनही जाते. औषध नाही. झाड तोडायचं आणि तिथेच जाळायचं, एवढंच. निम्म्याहून जास्त झाडं गेली. आता एकाच जातीची रांग लावायची नाही असं ठरवलंय. ओकची एक जात मुख्य, मध्ये मध्ये दुसरी झाडं, म्हणजे पुन्हा एका रोगानं सगळं जायला नको. आपल्याकडे रस्ता रुंद करताना वड गेले तेव्हा कुणी रोगाचं कारणसुद्धा द्यायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

मी त्या रोपांच्या रांगेतून पळाले. ऊन सरळ डोक्यावर. सावली हा रस्त्याचा भाग असतो हे ती नसताना कळतं. पाच किलोमीटरमध्ये माझा वेग किलोमीटरला दीड मिनिटानं उतरला. त्रेबला पोचले तेव्हा लेक ओला रुमाल घेऊन उभी होती. काही बोलली नाही, नळाखाली माझं डोकं धरलं. लहानपणी मी तिचं धरायची तसं.

शेवटची धाव मात्र मी एकटीनं ठरवली. सकाळची लोकल गाडी, आविन्योने स्टेशनला उतरायचं, कालवा गाठायचा, नोरूझवरून कास्तेलनोदारीपर्यंत. सोळा-सतरा किलोमीटर. नोरूझ हा या सगळ्या कालव्याचा माथा. समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटर. आम्ही महाबळेश्वरची माणसं याला माथा म्हणणार नाही. पण इथे पडलेल्या पाण्याला दोन घरं आहेत : पश्चिमेला वळलं तर अटलांटिक, पूर्वेला वळलं तर भूमध्य. महाबळेश्वरला नाही का, सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते आणि कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे. तेच हे, फक्त डोंगर नाही.

आणि हीच अडचण होती. कालवा माथ्यावरून जाणार, होड्या दोन्हीकडे उतरताना दरवेळी माथ्यावरचं हौदभर पाणी खाली जाणार, मग माथ्यावर पाणी आणायचं कुठून? रिकेनं ते उत्तरेच्या काळ्या डोंगरातून आणलं. तिथले ओढे अडवले, सां-फेरेओलला धरण बांधलं, आणि साठ किलोमीटरहून लांब पाट खणून पाणी नोरूझला पोचवलं. पाट! माझ्या वडिलांना हा शब्द पुरला असता. बाकी होड्या, राजा, समुद्र यांचं त्यांना काही पडलं नसतं. पाण्याला साठ किलोमीटर कशी ढाळ दिली असेल, एवढं मात्र त्यांनी चारदा विचारलं असतं.

पाट कालव्याला मिळतो तिथे सकाळी कुणीच नव्हतं. उंच झाडांची एक दुहेरी रांग, पाण्याचा बारीक आवाज. जवळच रिकेच्या वंशजांनी उभारलेला दगडी स्तंभ. आदल्या रात्री मी वाचलं होतं की १८१४च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचा वेलिंग्टन आणि फ्रेंच सेनापती सूल्त यांच्यातला युद्धविराम इथेच, नोरूझला ठरला. त्याआधी तुलूझची लढाई झाली तेव्हा नेपोलियननं गादी सोडल्याची बातमी सैन्यांपर्यंत पोचलीच नव्हती. वेलिंग्टन म्हणजे आपला वेलस्ली. १८०३मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा. या माणसाचं नाव माझ्या आधी इथे येऊन पोचलं होतं तर. मी बाटली भरली, केळं खाल्लं आणि निघाले.

तेवढ्यात एक भाड्याची पांढरी होडी शेजारून आली. चालवायला म्हातारे गृहस्थ, पुढे त्यांची बायको, तिच्या मांडीवर कुत्रं. कालव्यावर होड्यांना ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे. माझा वेग साडेसात. तुम्हीच बघा. पाच किलोमीटर ती होडी माझ्यापुढे वीतभर, मग हातभर, मग दिसेनाशी. मग मेदितेरानी नावाच्या एक्लूझला तीच होडी हौदात अडकलेली, पाणी उतरायची वाट बघत. मी पुढे. त्यांनी हात केला. रोकच्या आधी त्यांनी मला गाठलं, रोकला दोन हौद, मी पुढे. लोरांसला तीन हौद! बायकोनं कुत्र्याचा पंजा धरून मला टाटा केला. दोमेर्ग, मग प्लांक. या उतारावर होडीला आठ वेळा थांबावं लागतं आणि मला एकदाही नाही. पहिल्या रविवारी दगडावर बसलेली बाई मला आठवली. पाय चालत होते, डोकं मोकळं होतं, आणि हिशेब करायला काहीच उरलं नव्हतं. १७८७मध्ये अमेरिकेचा थॉमस जेफरसन याच कालव्यानं गेला होता. घोडागाडीची चाकं काढून ती होडीवर ठेवलेली, आणि तो स्वतः बराचसा वेळ काठावरून चालत. सोबतच्या लोकांना वाटलं असेल, होडी असताना हा चालतोय कशाला.

कास्तेलनोदारीला कालव्याचं तळं होतं, सात हेक्टरचं, पलीकडे गाव पायऱ्यांनी चढलेलं. धक्क्यावर बसून मी बूट काढले. हॉटेलांतून कासुलेचा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या मातीच्या भांड्यात शिजवलेल्या उसळीचा वास येत होता. त्यात बदक असतं हे माहीत असूनही भूक लागली. होडीचा पत्ता नव्हता. दुपारी जेवणासाठी एक्लूझ तासभर बंद असतात, म्हणजे कुठेतरी अडकले असणार.

गाडीला अजून अर्धा तास होता तेव्हा ती आली. गृहस्थांनी मला बघून काहीतरी ओरडून सांगितलं. मला ‘मादाम’ एवढंच कळलं, पण त्यांच्या हातातला दोर कळला. त्यांनी फेकला, मी धरला, ओला आणि वाटला होता त्याहून जड. होडी एवढी हलकी वाटते लांबून. दोर हातात आला की ओढ कळते. धक्क्यावर लोखंडी खुंटी होती. खुंटीला मी आयुष्यात फक्त म्हैस बांधलेली आहे. तशीच गाठ मारली.

गृहस्थ उतरून आले, वाकून गाठीकडे बघत राहिले, एकदा ओढून बघितली. मग बायकोला बोलावून दाखवली. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढला, माझा नव्हे, गाठीचा.